एकटाच सॅक घेऊन: वेंगुर्ला-मालवण की कुमठा-गोकर्ण?

एक सिंधुदुर्गातला, एक कर्नाटकातला, हे दोन्ही किनारे चालत केलेत, दोन्ही डिसेंबरात आणि दोन्ही वेळा एकटाच, त्यामुळे चौघांच्या ग्रुपला यातलं निम्मं लागू नाही. समुद्र किती निळा वगैरे सोडून देतो, फोटो सगळ्यांनीच बघितलेत.

जेवणाचं आधी उरकतो. मालवण. विषय संपला. गोकर्णच्या बीचवर मासे मिळतात, पण पास्ता करणाऱ्या हाताने केलेले लागतात, आणि सोलकढीची आठवण तिसऱ्या दिवसापासून छळायला लागते.

पण चालायचं म्हटलं की सिंधुदुर्गात दर थोड्या वेळाने खाडी आडवी येते. वेंगुर्ल्याहून निवती करत कसाबसा भोगव्याला पोचलो, समोर कर्ली नदीच्या मुखापलीकडे देवबाग, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ वाटतं. होडीवाला म्हणाला, "एकटेच आसास? मगे अख्खी होडी करूची लागतली." आकडा ऐकला आणि म्हटलं अजून कोणी येईल, शेअर करू. कोणी आलं नाही. ऊन डोक्यावर आल्यावर सॅक उचलून परत वर रस्त्याला आलो, एसटीची वाट बघितली, भलामोठा वळसा मारून पलीकडे गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. होडीवाल्याचं काय चुकलं, डिझेल त्यालाही लागतंच. रूमचंही तेच, माणूस एक आणि रेट दोघांचा. एकट्याचा हिशोबच कोणी धरलेला नाही, हे मला जरा जास्तच लागलं असेल.

कुमठ्याहून उत्तरेला निघालात की कडले, मग निर्वाणा बीच, मग अघनाशिनी गाव, तिथेही नदी आडवी येतेच. पण इथे गावकऱ्यांची रोजची लाँच आहे, मी एका माशांच्या टोपलीशेजारी बसून गेलो आणि सुट्टे पैसे देऊन तदडीला उतरलो, एकटा आहेस का असं कोणी विचारलंसुद्धा नाही. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणारी माणसं दिसतात. पुढे बेलेकान, पॅराडाईज, हाफ मून, ओम, कुडले असं चालत गोकर्ण, आणि डॉर्ममध्ये एका माणसाला एकच बेड. भाषेची भीती नको, त्या बाजूला कोकणी बऱ्याच जणांना येते.

जंगलाचं म्हणाल तर आंबोली मला मनापासून आवडते, पण तिचा खरा सीझन पावसाळा, आणि तेव्हा समुद्र बंद. डिसेंबरात धबधबे बारीक झालेले आणि बेडूक गप्प. कुमठ्याकडच्या जंगलातले याणाचे काळे चुनखडीचे सुळके, भैरवेश्वर 120 मीटर आणि मोहिनी 90, पावसावर अवलंबून नाहीत. फक्त बस फार कमी. माझी परतीची चुकली, आणि रिक्षावाल्याला किती दिले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

गोकर्णला शनिवार-रविवार मात्र टाळाच, बेंगळुरूहून गाड्या भरभरून येतात आणि ओम बीचवर रात्री झोप लागत नाही.

दोघं-तिघं असाल आणि मासे खायलाच निघालायत तर मालवणला जा, मी अडवणार नाही. एकटे असाल तर आपलं कुमठा स्टेशनला उतरून बघा, आणि लाँचसाठी खिशात सुट्टे ठेवा.