तेलाच्या कागदातला वस्तरा

गेल्या मार्चमध्ये जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसानं मला बेळगावात खोटा वस्तरा विकला. साडेसहा हजार रुपये गेले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दीड इंचाचा व्रण राहिला. तो माणूस अजून आपल्या भागात फिरतोय, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आधी मला वस्तरा कशाला हवा होता ते सांगायला पाहिजे, कारण त्याच जागी मी सापडलो. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात. आजोबा गावचे न्हावी. बलुत्यावर काम, सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. त्यांची कातडी धोकटी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दोन वस्तरे, नखं काढायची नराणी, चिमटा, पितळी वाटी, तुरटीचा खडा, छोटा आरसा आणि घासून घासून काळा झालेला चामड्याचा पट्टा. मलप्रभेच्या काठावर दहाव्याला डोकी उतरवायला त्यांनाच बोलावणं यायचं. घरी न्हावी समाजाच्या संत सेना महाराजांचा फोटो होता, श्रावण वद्य द्वादशीला त्याची पूजा व्हायची. वडील नोकरीसाठी बेळगावात आले, आम्ही तिथंच शहापुरात राहिलो, मी पतसंस्थेत कारकून झालो. आजोबांच्या मागं घराची वाटणी झाली आणि त्यात ती धोकटी कुठं गेली ते कुणालाच सांगता येत नाही.

वडील गेले तेव्हा मी मुंडण केलं. त्यानंतर केस वाढवावेसे वाटले नाहीत. चार वर्षं झाली, दर तिसऱ्या दिवशी मीच माझं डोकं आणि दाढी करतो. अर्धं ब्लेड बसवायच्या वस्तऱ्यावर हात बसवला. गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं डोक्यावर, मग ब्रशनं भरपूर फेस, डाव्या हातानं कातडी ताणून धरायची आणि पातं साधारण ३० अंशांत, केसाच्या दिशेनं. कानामागं आणि मानेवर केसांचे भोवरे असतात, तिथं बोटानं चाचपून दिशा ओळखावी लागते. हे सगळं जमायला लागल्यावर वाटायला लागलं, आजोबांच्या हातात असायचा तसा खरा, घडी घालायचा वस्तरा आपल्याकडं असावा. हे मी चार ठिकाणी बोलून दाखवलं. ते त्या विकणाऱ्याच्या कानावर गेलं.

एका रविवारी तो घरीच आला. पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची बॅग, बोलणं अगदी आपल्यातलं. "काका ओ, तुम्ही वस्तरा हुडकूलाय म्हणून ऐकलं," अशी सुरुवात. गाव विचारलं, आजोबांबद्दल विचारलं. मी धोकटीचं सांगितल्यावर गप्प बसला थोडा वेळ. मग म्हणाला, "ह्या वस्तू मी कुणालाबी देत नाही. आपल्या मराठी माणसाच्या घरात राहिली तर बरं, म्हणून आलो." आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वाक्य कुठं लागतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कचेरीतला कागद कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, आणि दारात येऊन कुणी असं मराठी बोललं की आपण पाटावर बसवून चहा देतो. मीही दिला. बिल मागायला मला लाज वाटली. हे मी कबूल करतो, कारण साडेसहा हजारांतला निम्मा भाग त्या लाजेनं गेला.

बॅगेतून त्यानं एक वस्तरा काढला. तो खरा होता, आजही मला त्याची शंका नाही. पाठीवर सहाणेनं झिजल्याच्या बारीक सपाट कडा होत्या, पात्याचे दोन्ही गाल आत खोलगट कोरलेले, नखानं टिचकी मारली की किणकिण वाजायचा. शेपटीवर, म्हणजे पात्याच्या मागच्या टोकावर, पुसट इंग्रजी अक्षरं, 'सोलिंगेन' आणि 'जर्मनी'. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथल्या मालाशिवाय दुसऱ्या कुणी ते नाव वापरू नये म्हणून जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे, इतकं त्या नावाला वजन आहे. आणि म्हणूनच ते नाव स्वस्त पात्यांवर ठोकून विकायचा धंदा जगभर चालतो, हे मला नंतर समजलं.

त्यानं माझ्याच हातावरचे केस त्या वस्तऱ्यानं उडवून दाखवले. पातं कातडीला टेकलंसुद्धा नाही, केस तुटून पडले. म्हणाला, हा बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाचा, स्वातंत्र्याच्या आधी बंगल्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा माझ्या पणज्यानं घेतला. मूठ हस्तिदंती. इथंच मी उठून दार दाखवायला हवं होतं. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हस्तिदंताचा व्यापार हा गुन्हा आहे. विकणारा तो गुन्हा तोंडानं सांगतोय याचा अर्थ एकतर तो गुन्हेगार आहे किंवा मूठ प्लास्टिकची आहे.

साडेसात हजार सांगितले, साडेसहावर आला. मी तीन हजार रोख दिले आणि साडेतीन हजार मोबाइलवरून पाठवले. मी कपाटातून पैसे आणायला आत गेलो तेव्हा तो वस्तरा बांधत होता. बाहेर आलो तर तेलकट कागदात गुंडाळून, दोरा बांधून, डब्यात घालून तयार. म्हणाला, "पोलाद उघडं आहे, आपल्याकडं दमट हवा. तेल मुरू दे. आठ दिवस कागद सोडू नका, नाहीतर गंज धरंल."

हे नीट लक्षात ठेवा. साध्या कार्बन पोलादाला गंज चढतो हे खरं आहे, वापरून झाल्यावर वस्तरा कोरडा पुसून तेलाचा हात फिरवायचा असतो हेही खरं आहे. पण आठ दिवस बांधून ठेवायचं, हे कुठल्याच वस्तऱ्याला लागत नाही. आठ दिवस त्याला लागत होते, गावं बदलायला. खऱ्या माहितीत एक खोटी ओळ त्यानं अशी मिसळली की मला ती वेगळी काढता आली नाही. मी आठवा दिवस उजाडायची वाट बघत बसलो.

नवव्या दिवशी सकाळी डोक्याला फेस लावला आणि वस्तरा उघडला. मूठ तशीच पिवळसर. पातं मात्र आरशासारखं चकचकीत. वाटलं, तेलानं उजळलं असेल. कपाळावरून मागं पहिली ओढ घेतली तर केस कापले जायच्या ऐवजी ओढले गेले. खरं तर वस्तरा खेचतोय असं वाटलं की तिथंच थांबायचं असतं, एवढं मला कळत होतं. पण साडेसहा हजार दिलेत, आपलाच हात चुकतोय असं मनात आलं आणि मी जोर वाढवला. मागच्या उंचवट्यावर पातं अडखळलं आणि उडी मारून आत गेलं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात, रक्त थांबायचं नाव घेईना. तुरटीनं काही झालं नाही. दाबून धरून दवाखान्यात गेलो, तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत आलो.

संध्याकाळी मुलीनं तो वस्तरा हातात घेतला. ती इतिहास घेऊन एम.ए. करते. शेपटीवरची अक्षरं तिनं मोठ्यानं वाचली, 'मेड इन वेस्ट जर्मनी'. मला विचारलं, "बाबा, साहेब स्वातंत्र्याच्या आधी गेला म्हणाले ना ते? पश्चिम जर्मनी हा देश १९४९ ला झाला." मी ताडकन उठून बसलो. मला दाखवलेल्या वस्तऱ्यावर नुसतं 'जर्मनी' होतं, तेही पुसट. याच्यावरची अक्षरं काल कोरल्यासारखी ठळक होती. मी आत गेलो तेवढ्या दोन मिनिटांत त्यानं वस्तरा बदलला होता. एकसारखी मूठ, एकसारखा डबा, दोन नग.

तरी माझं मन मानत नव्हतं. धार लावून घेतली तर चालेल, असं स्वतःला समजावत मी बैलहोंगलकडच्या एका वयस्कर कारागिराकडं गेलो. न्हावीकाम करणाऱ्या हडपद समाजाचे, कन्नड बोलणारे, वय सत्तरीच्या पुढं. दुकानात हडपद अप्पण्णांची तसबीर. बसवण्णांच्या काळातले ते शरण, म्हणजे लिंगायत संत. आमच्या घरी सेना महाराज होते तसे यांच्याकडं अप्पण्णा, हे बघून मला जरा धीर आला. त्यांनी आधी वस्तरा खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर आडवा ठेवला. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी काचेला टेकायला पाहिजेत. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीनंच ठरतो, म्हणून सहाणेवर लावतानाही तो सपाट झोपवून दोन्ही कडा एकदम फिरवायच्या असतात. माझा वस्तरा काचेवर पाळण्यासारखा डुलला. पातंच पिळलेलं. मग त्यांनी शेपटीवर कानस घासली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथं ती चावली आणि चमकदार भुगा पडला. "ह्याला पाणीच दिलेलं न्हाई ओ," ते म्हणाले, आणि पुढं स्वतःशीच, "नडियंगिल्ल." चालायचं नाही.

माझ्या समाधानासाठी त्यांनी तासभर सहाणेवर घासून बघितलं. धार यायची, पट्ट्यावर चार हात फिरवले की दुमडून जायची. मुठीला तापवलेली सुई लावली तर प्लास्टिक जळल्याचा वास आला. शिंगाची असती तर केस जळल्याचा वास आला असता. त्यांनी पैसे घेतले ते फक्त तासाभराच्या मजुरीचे, आणि एका गोष्टीवर मला रागावले. दुसऱ्याच्या अंगाला लागलेला जुना वस्तरा तू नीट न धुता, न निर्जंतुक करता डोक्याला लावणार होतास का, म्हणून. ते बरोबर आहे. कावीळ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सलूनमध्ये आता आपल्यासमोर नवीन ब्लेड मोडून बसवतात ते त्याचसाठी. मी मात्र साहेबाच्या नावाला भुलून एवढाही विचार केला नव्हता.

पैशाचं पुढं काय झालं ते थोडक्यात. त्याचा नंबर दोन दिवस वाजला, मग बंद झाला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून एक मुलगा बोलला, पैसे परत पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन घाला. पतसंस्थेत बत्तीस वर्षं काढल्यामुळं इथं तरी मी सावध होतो. पैसे घेताना पिन कधीच घालावा लागत नाही, पिन घातला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फोन ठेवला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण मधे बारा-तेरा दिवस गेले होते, खात्यातली रक्कम केव्हाच काढलेली. तिथं फोन पहिल्या काही तासांत गेला तर पैसे अडवता येतात. ग्राहक मदतीच्या १९१५ वरही बोललो. त्यांनी सांगितलं, मोबाइलवरच्या पैशाची नोंद हा पुरावा धरता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण ज्याचं खरं नाव, पत्ता, दुकान काहीच माहीत नाही त्याच्यावर नोटीस कुठं बजावायची? रोख दिलेल्या तीन हजारांचा तर कागदच नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

माझ्या ओळखीत या माणसानं निपाणीत एकाला आणि चिकोडीकडं एकाला असंच गाठलंय. एकाला पितळी अडकित्ता, एकाला असाच वस्तरा. दोघांच्या घरीही आजोबांची विचारपूस आधी झाली, वस्तू मागून निघाली, आणि बांधाबांध घरातला माणूस पैसे आणायला आत गेल्यावर झाली. दाखवली ती वस्तू खरीच होती, असं दोघंही सांगतात.

मागच्या आठवड्यात संकेश्वरहून माझ्या साडूचा फोन आला. पांढरा शर्ट, रेक्झिनची बॅग, आणि या खेपेला चांदीच्या मुठीचा वस्तरा. माणूस बाहेर पडवीत बसलाय, मी आत येऊन बोलतोय म्हणाला. मी त्याला सांगितलं, आधी बाहेर जा, त्याला एकटा सोडू नकोस, आणि बांधलेला कागद तिथंच सोडायला लाव. फोन चालूच होता. साडूनं बाहेर जाऊन तसं म्हटलेलं मला ऐकू आलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज, आणि साडूचं बोलणं, "अहो, चहा तरी घेऊन जावा की."