लेकरं लहान असताना कुठे राहावं: मळ्यातलं जुनं घर की गावठाणातलं भाड्याचं?

वडिलोपार्जित शेती कसायला परत येणाऱ्या कुटुंबाला कोणतं पीक घ्यायचं हे ठरवण्याआधी कुठे राहायचं ते ठरवावं लागतं. मळ्यात आजोबांच्या वेळचं घर उभं आहे, पण बरीच वर्षं बंद. गावठाणात दोन खोल्या भाड्याने मिळतात, मळा तिथून दोन-अडीच किलोमीटर. सोबत सहा वर्षांच्या आतली एक-दोन लेकरं. जुन्नर, संगमनेर, निफाड अशा विहीर-बागायतीच्या पट्ट्यात हे कसं ठरवावं, ते इथे मांडतो आहोत.

आमचं मत आधीच सांगतो. धाकटं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल आणि दुभती जनावरं नसतील, तर पहिला पावसाळा गावठाणात काढावा. गोठा असेल तर गणित बदलतं.

कारण धार पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा काढावीच लागते. गावात राहून हे करायचं म्हणजे मुलाला झोपेतून उठवून मोटरसायकलवर न्यायचं, नाहीतर शेजाऱ्यांकडे ठेवायचं. दिवसभर मग ते शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली. म्हणजे गावात घर असूनही मूल मळ्यातच वाढतं, आणि तेही जिथे संडास नाही, झोपवायला जागा नाही, शेजारच्या रानात औषध फवारणी सुरू झाली तर दार लावून आत बसायची सोय नाही. गोठा असताना गावठाणाचा फायदा खरा मिळतो तो घरात आजी-आजोबा असतील तर, किंवा मूल तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत रमलं असेल तर. तान्हं बाळ अंगावर पीत असेल, तर आईला मळ्यातलं घर सोयीचं पडतं. दोन कामांच्या मधे ती घरात येऊन जाते.

गावठाणाच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा रस्त्याचा. काळ्या रानातला पाणंद रस्ता जुलैत ट्रॅक्टरलाही जड जातो, १०८ची रुग्णवाहिका डांबरीवरच थांबते. म्हणून उन्हाळ्यात रस्ता बघून ठरवू नका. सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर चारचाकी घरापर्यंत येते का, आणि तिथून ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. सर्पदंशाची लस (विषावरचा उतारा) तिथे शिल्लक असते का, रात्री डॉक्टर असतात का, हेही विचारून ठेवा. अर्ध्या तासात पोचता येत नसेल, तर लहान मुलांसह पावसाळ्यात मळ्यात राहू नये, असं आम्ही स्पष्टच सांगतो. गावात आशाताई मुलांच्या लसीकरणाची तारीख सांगायला दारात येते. वस्तीवर ती तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते.

सापाच्या बाबतीत मात्र गावठाण सुरक्षित आणि मळा धोक्याचा, अशी सरळ विभागणी होत नाही. गावठाणातल्या मातीच्या भिंतींच्या घरातही मण्यार शिरतेच. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणून रडलं, उलटी झाली, पापण्या मिटू लागल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. हात-पाय करकचून बांधू नका. दंश हाता-पायावर असेल तर मोडलेल्या हाडासारखा तो फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि निघा. मुलाला लसीचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने सोडलेलं विष वजन बघून कमी होत नाही. दोन्ही घरांत उपाय सारखाच: मुलं पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. मळ्यातल्या घराला याशिवाय भिंतीतली बिळं सिमेंट-काचेने बुजवणं, दाराखालची फट बंद करणं, मोरीच्या तोंडाला जाळी बसवणं आणि सरपण व कडब्याची गंजी घरापासून निदान ३० फूट लांब नेणं, ही कामं वाढतात. धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं की उंदीर हटतात, आणि उंदरांमागे येणारे सापही.

विहिरीवर मात्र मळ्यातल्या घराचा निर्णय अडतो. जुन्या मोटेच्या विहिरीला मोटेची धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट) जिथे भिडते, तिथे कठडा नसतोच. ती बाजू बांधून घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका. कठडा बाहेरून ४ फूट हवा, त्यावर चढता येईल असा दगड किंवा पाइप जवळ नको, आणि वर लोखंडी जाळी, तिच्या सळयांमधलं अंतर ४ इंचांच्या आत. शेततळं त्याहून वाईट. प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि ट्यूब टाकून ठेवतात ते चांगलंच, पण दोन वर्षांच्या मुलाला दोर धरता येत नाही. त्याच्यासाठी जमिनीला टेकलेली ५ फुटी जाळी आणि वरून कडी लागणारं फाटक, एवढाच उपाय. पाण्याच्या ड्रमला झाकण, बादली रिकामी करून पालथी. बंद पडलेली कूपनलिका असेल तर केसिंगवर (तिच्या वर आलेल्या पाइपवर) पत्र्याचा तुकडा ठेवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे २०१०चे निर्देश आहेत: वापरातल्या केसिंगवर पोलादी झाकण वेल्ड करा किंवा नटबोल्टने आवळा, सोडून दिलेली कूपनलिका माती-दगडांनी तळापासून भरून घ्या.

पिण्याच्या पाण्याची जबाबदारी गावात ग्रामपंचायतीची, मळ्यात तुमची. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल, तर ते सुमारे ३७,७०० लिटर भरतं. हजार लिटरला २.५ ग्रॅम धरून साधारण ९५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. ती बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, बादलीने पाणी ढवळा आणि तासभर उपसू नका. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, ती कितीही टाकली तरी उपयोग नाही. ऊस आणि कांद्याच्या रानात युरिया भरपूर पडतो, म्हणून नायट्रेट तपासून घ्याच. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधात हे पाणी गेलं, तर रक्तातून शरीराला प्राणवायू पुरेसा मिळत नाही आणि अंग निळं पडतं. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते.

वीज: गावठाणाला स्वतंत्र फीडर (वीजवाहिनी) असेल तर दिवे बहुतेक वेळ असतात. शेतीच्या फीडरवर मात्र पाळी असते, दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास. रात्रपाळीच्या आठवड्यात एकजण पाणी द्यायला रानात आणि दुसरा मुलांजवळ एकटा, हे धरूनच चालावं लागतं. घरासाठी वेगळं घरगुती मीटर घ्या, पंपाच्या जोडणीवरून तार ओढू नका. अर्थिंगचा खड्डा नवा करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

या पट्ट्यात बिबट्याचं बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऊस घराला खेटून नको. घराभोवती ४० फुटांत कांदा, मेथी असं बुटकं पीक ठेवा. संडास घरातच हवा, कारण अंधारात उकिडवं बसलेलं मूल बिबट्याला भक्ष्यासारखं दिसतं. शेळ्या चहूबाजूंनी आणि वरूनही बंद गोठ्यात. दिवस मावळल्यावर मूल अंगणात एकटं सोडू नका, पाच मिनिटंही नाही. वनखात्याचा क्रमांक १९२६.

खर्चाचं बघायचं तर दुरुस्तीला भाड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात, आणि कामांचा क्रम चुकला की आणखी जातात. लोक आधी फरशी आणि रंग करतात, मग पावसात कौलं गळतात आणि सगळं पुन्हा. आधी वासे-रिपा ठोकून बघा, वाळवीने पोखरलेला वासा पोकळ वाजतो. मग कौलं, मग वीज, मग संडास-मोरी, शेवटी रंग. दारं-खिडक्यांवरचा जुना तेलरंग सुका घासू नका. २०१७च्या आधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि ती धूळ मुलांच्या बोटांवरून पोटात जाते. पाणी मारत घासा, खरवड गोळा करून घराबाहेर काढा, तोवर मुलं गावातच राहू द्या. सिमेंटचे जुने पत्रेही मुलांदेखत कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

जूनमध्ये आलात तर ११ महिन्यांचा भाडेकरार करा. पावसाळाभर घर कुठे गळतं, ओढा कुठवर येतो, पाणंद कधी बंद पडते याची नोंद ठेवा. दिवाळीनंतर काम काढा. माती-दगडाच्या भिंती वाळायला थंडीचे महिने चांगले. फेब्रुवारी-मार्चमध्ये राहायला जा, म्हणजे पहिला पाऊस पडेपर्यंत विहिरीकडे, गंजीकडे आणि कडबाकुट्टीच्या यंत्राकडे जायचं नाही, हे मुलांच्या अंगवळणी पडायला तीन महिने मिळतात.