डोंगरातल्या नर्सरीची ऑर्किड पेटी: झाडांना दहापैकी नऊ, कार्डाला दोन

आधी निकाल, कारणं मागाहून. झाडं उत्तम, पॅकिंग त्याहून उत्तम, फुकट आलेलं झाड बिनकामाचं. आणि पेटीत टाकलेलं निगा-कार्ड सोलापुरात शब्दाला शब्द पाळलं, तर निम्मी झाडं पहिल्या मे महिन्यातच गेली म्हणून समजा. नर्सरी ईशान्येकडच्या डोंगरातली आहे. नाव घेत नाही, कारण ऑनलाइन झाडं पाठवणारे बहुतेक सगळेच थोड्याफार फरकाने हेच कार्ड टाकतात. एकट्यालाच झोडपण्यात अर्थ नाही.

मी मागवली ती डेंड्रोबियम या प्रकारच्या सहा ऑर्किडांची पेटी. ‘ब्लूमिंग साइझ’, म्हणजे फुलावर यायच्या वयाची झाडं, प्रत्येकी साडेतीनशे रुपये, कुरिअर वेगळं. लग्नाच्या स्टेजवर जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या लांब दांड्या खोचलेल्या असतात ना, त्या डेंड्रोबियमच्याच; त्यातही ‘सोनिया’ ही संकरित जात जास्त. माझ्या पेटीत दोन सोनिया, बाकी पांढरी आणि पोपटी अशी मिसळ.

पेटी आली मघा नक्षत्रात, ऐन ऑगस्टात. मध्ये कुठेतरी कुरिअरच्या गोदामात पत्र्याखाली पडून राहिली होती, हे ट्रॅकिंगवर दिसत होतं. तरी झाडं ताजी निघाली, याचं सगळं श्रेय बांधणाऱ्याला. मुळं मोकळी करून त्याभोवती मॉस, म्हणजे शेवाळ, तेही पिळून काढलेलं, नुसतं दमट. वरून वर्तमानपत्र. प्रत्येक झाडाच्या कांड्या पुठ्ठ्याच्या पट्टीला सुतळीने बांधलेल्या आणि ती पट्टी खोक्याच्या भिंतीत अडकवलेली. खोकं उलटंपालटं झालं असेलच, पण आत पानही मोडलं नव्हतं.

ऑर्किड घेताना लोक पानं बघतात. बघायची असतात मुळं. डेंड्रोबियमचं चांगलं मूळ जाड, रुपेरी पांढरं आणि टोकाला हिरवंगार असतं. पाणी शिंपडलं की ती पांढरी साल ओल पिते आणि बघता बघता हिरवट होते. बोटात धरून दाबलं तर टणक लागायला हवं. पिचपिचीत लागलं आणि साल ओढल्यावर आतला बारीक दोराच हातात राहिला, तर ते मूळ मेलेलं. माझ्याकडे आलेल्या पाच झाडांची मुळं अशी टणक होती. सहाव्याचा नवा कोंब बुडाशी काळा पडून मऊ झाला होता. त्यांनी पेटी उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो मी काढलाच होता. पुढच्या खेपेत बदली झाड आलं. हुज्जत नाही, ‘वरिष्ठांना विचारतो’ नाही. इथे पूर्ण मार्क.

पेटी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या टॉवेलच्या कारखान्यात उघडली. जुना कारागीर शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, “पैसे देऊन बांडगूळ आणलं व्हय, मालक?” बघणाऱ्याला तसंच वाटतं. पण बांडगूळ फांदीत मूळ घुसवून झाडाचा रस पितं. हे बिचारं सालीवर नुसतं बसतं, पावसाचं पाणी, हवेतली ओल आणि बेचक्यात कुजलेला पाला एवढ्यावर जगतं. म्हणून तर याला माती चालत नाही. जाळीची कुंडी, त्यात लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाच्या फोडी. एवढं कार्डावरही बरोबर लिहिलेलं आहे.

आता बाकीचं कार्ड. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. ‘आठवड्यातून दोनदा पाणी. दुपारी पानांवर फवारा. रात्रीचं तापमान १५ ते २० अंश.’ जिथे सकाळी खिडकीत धुकं येतं तिथे हे सगळं खरं असेल. इथे मे महिन्यात रात्री २० अंश बघायचे तर झाड एसीच्या खोलीत गादीवर झोपवावं लागेल.

टॉवेलवाल्याला दमटपणा शिकवावा लागत नाही. हवा कोरडी पडली की ताण्याचं सूत तुटायला लागतं, माग उभा राहतो, आणि नगावर मजुरी घेणारा कारागीर आपल्याकडे रागाने बघतो. त्यामुळे शेडमध्ये सुका-ओला असा जोड थर्मामीटर टांगलेला असतो. एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली. दोन्हींच्या आकड्यांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. तोच काढून मी मे महिन्यातल्या एका दुपारी जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर, ऑर्किडच्या मांडणीशेजारी टांगला. सुका ४१, ओला २३. तक्त्यात बघितलं तर दमटपणा जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास. मागाला ७५-८० लागतो. डेंड्रोबियम ५०-६० वर समाधानी असतं.

हा आकडा बघून बरेच जण नाद सोडतात. पण उपायही त्याच आकड्यात आहे. ओला थर्मामीटर २३ दाखवतो याचा अर्थ, नुसत्या पाण्याच्या वाफेने हवा तिथपर्यंत खाली यायला वाव आहे. कोरड्या हवेला पाण्याची एवढी भूक असते. मुंबईच्या माणसाला ही सोय नाही. तिथे हवा आधीच भरलेली, पाणी उडवून गारवा येत नाही. त्यामुळे ‘सोलापुरात ऑर्किड होत नाही’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही.

मी काय केलं ते सांगतो, कारण पैसे वाचतील. कारखान्यात सेकंडचा माल असतोच: डाग पडलेला, काठ वाकडा गेलेला. त्यातले जाड टेरी टॉवेल मांडणीच्या तीन बाजूंनी पडद्यासारखे लावले आणि वरच्या काठीवरून ठिबकची नळी नेली. टॉवेल पाणी पितो, वारा त्यातून गाळून आत येतो. बाहेर ४१ असताना आत ३४ च्या आसपास मिळतात. पाण्याचं धुकं उडवणाऱ्या फॉगरचा किटही आणून बघितला. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची तोंडं बुजतात, मग ती काढून व्हिनेगरमध्ये भिजवत बसा. टॉवेलवर पांढरं चढलं तर तो धुवून परत टांगता येतो.

कार्डावरची सगळ्यात वाईट सूचना दुपारच्या फवाऱ्याची. एक तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी आपल्या हाताला सोसत नाही, ते मुळांना कुठून सोसेल? आणि दुसरं, जाड पानांची, फांदीवर वाढणारी बरीच ऑर्किडं पानांची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवायचा, दिवसा उन्हात वापरायचा. कोरड्या मुलखात पाणी वाचवायची ही युक्ती. म्हणजे आपण दुपारी फवारत असतो तेव्हा दार बंद असतं. ओल हवी ती दिवेलागणीनंतर. माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये टॉवेलवरचं ठिबक संध्याकाळी पुन्हा सुरू होतं, फरशी ओली केली जाते, आणि झाडांना पाणी दोन वेळा: उजाडायच्या आत आणि ऊन उतरल्यावर. ‘रात्री पाणी दिलं की कुजतं’ हा नियम दमट गावांचा. इथे कोळशाच्या कुंडीतलं पाणी कधी उडून गेलं ते कळतही नाही. पावसाळ्यात मात्र हात आखडता घ्यायचा, तेव्हा कार्ड बरोबर ठरतं.

पाणी कसलं द्यायचं याबद्दल कार्डावर एक अक्षर नाही, आणि इथे तर तीच मुख्य भानगड आहे. बोअरचं पाणी महिनाभर दिलं की कोळशावर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते, आणि मुळांची हिरवी टोकं तपकिरी होऊन थांबतात. महापालिकेचं पाणी त्यापेक्षा खूप बरं, पण ते आपल्याकडे रोज कुठे येतं? आलं त्या दिवशी झाडांचं पिंप वेगळं भरून ठेवायचं, झाकण उघडं ठेवून रात्रभर क्लोरीन जाऊ द्यायचा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी गोळा केलं तर तेही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ मशीनचं फेकायचं पाणी मात्र चुकूनही नको. ‘वाया जातंय, झाडांना घालू’ म्हणून घातलेलं मी बऱ्याच घरांत बघतो. पण मशीनने चांगल्या पाण्यातून बाजूला काढलेले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात.

खताची बाटली पेटीसोबत घ्या असा नर्सरीचा आग्रह होता. घेऊ नका. आपला जिल्हा डाळिंब-द्राक्षांचा, केगावला तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ या विद्राव्य खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) पिशवी मिळते, शेतकरी ठिबकमधून सोडतात तीच. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी देऊन मुळं भिजवल्यावर. एक किलो तुम्हाला कितीतरी वर्षं पुरेल, पिशवीचं तोंड तेवढं घट्ट बांधा, नाहीतर ओल धरून दगड होतो. ऐन मेमध्ये वाढ थांबते, तेव्हा मी खतही थांबवतो.

उन्हाचं थोडक्यात: डेंड्रोबियमला इतर बऱ्याच ऑर्किडांपेक्षा जास्त उजेड लागतो, नाहीतर नुसती पानं येतात. पावसाळ्यात-हिवाळ्यात ५० टक्क्यांची शेडनेट पुरते, मार्चपासून ७५ ची. भर दुपारी पानाला हात लावून बघा. पान हाताला गरम लागलं तर सावली कमी पडतेय. पानांखाली राखाडी ठिपके दिसले तर लाल कोळी ही बारीक कीड आली. तिला कोरडी गरम हवा मानवते, पानाची खालची बाजू पाण्याने जोरात धुवा.

आता ते फुकटचं झाड. ‘आमच्याकडून भेट’ म्हणून सिंबिडियम हे दुसऱ्या प्रकारचं ऑर्किड आलं. डोंगरात ते सुंदर फुलतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला फुलांची दांडी धरायला उन्हाळ्याच्या शेवटापासून गार रात्री लागतात, १०-१५ अंशांच्या. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर घालतो तेव्हा कुठे पारा तिथवर उतरला तर उतरतो, तोही थोडे दिवस. माझं सिंबिडियम मस्त हिरवं आहे, लांब पानांचा झुबका झालाय आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक जण त्याला गवती चहा समजतो. पत्त्यावर सोलापूर लिहिलेलं असताना हे झाड पाठवणं म्हणजे गोदाम रिकामं करणं, भेट नव्हे.

फुलांचं म्हणाल तर दिवाळीनंतर दोन्ही सोनियांना दांड्या आल्या आणि एकेक फूल आठवडेच्या आठवडे टिकलं. ‘पांढरी’ असा टॅग असलेलं एक झाड जांभळं फुललं. त्याचा मार्क कापलाय.

मागवायचं असेल तर जून अखेर ते सप्टेंबर, याच दिवसांत. म्हणजे झाडाला मुळं धरायला पावसाळा मिळतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते रुळतं. मार्च-एप्रिलमध्ये या लोकांचा सेल लागतो, किमती बऱ्याच उतरतात. त्याकडे बघूही नका; नवं झाड, तोडलेली मुळं आणि ४२ अंश. छोटी रोपं स्वस्त मिळतात, तीही आपल्या गावात नकोत. जाड कांड्यांत पाणी साठवलेलं असतं, बारक्या रोपाकडे ती शिदोरी नसते. फॅलेनॉप्सिस हा ऑर्किडचा प्रकार हवाच असेल तर घरात, पूर्वेच्या खिडकीशी, कूलरच्या थेट झोताबाहेर. पॅफिओपेडिलम हे ऑर्किड यादीत दिसलं तरी पुढे सरका.

या नर्सरीकडे सीतेची वेणी आणि वांडा ही ऑर्किडंही आहेत, दोन्ही आपला उन्हाळा सोसणाऱ्या. पण विचारून घ्या की रोप नर्सरीत वाढवलेलं आहे ना. समाजमाध्यमांवर ‘जंगली, ताजी’ म्हणून विकतात ती झाडावरून ओरबाडलेली असतात. तुटकी मुळं, त्याला चिकटलेली साल आणि शेवाळ, कुरतडलेली पानं. सगळी ऑर्किडं साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, परिशिष्टांत आहेत, आणि ते सोडा, अशी मुळं तुटलेली झाडं जगतही नाहीत. या नर्सरीने विचारल्यावर प्रयोगशाळेतल्या बाटलीतल्या रोपांचे फोटो पाठवले, तेवढ्यावर माझं समाधान झालं.

पुढची ऑर्डर दिलीय, दोन सीतेच्या वेण्या आणि एक वांडा. फोनवर सांगितलं की भेट म्हणून सिंबिडियम नको, त्याऐवजी सोडणाच्या फोडींची पिशवी टाका. पलीकडचा मुलगा म्हणाला, “सर, भेट बदलता येत नाही, पण दोन सिंबिडियम देऊ शकतो.”