डीआरओचं बजेट दुसऱ्याला करू दिलं आणि ९६५ पौंड गेले

डीआरओ म्हणजे डेट रिलीफ ऑर्डर, कमी उत्पन्नाच्या माणसाचं कर्ज माफ करणारा सरकारी आदेश. इंग्लंड-वेल्समध्ये त्याच्या अर्जाला फी नाही. ६ एप्रिल २०२४ पासून शून्य. आधी ती ९० पौंड होती, म्हणून डीआरओ करून देतो म्हणणारा फोनवरचा माणूस "सरकारी फी ९०, फाइल करायचे १५०" म्हणाला तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. मूर्ख म्हणायचं तर म्हणा. जुना आकडा खराच होता, आणि मराठीत बोलणाऱ्या माणसाकडून कुणाला शंका येते?

२४० पौंडांपेक्षा जास्त झोंबतं ते बजेट. डीआरओसाठी कर्ज ५०,००० पर्यंत, मालमत्ता २,००० पर्यंत (गाडी असेल तर ४,००० पर्यंतची वेगळी) आणि महिन्याची शिल्लक (उत्पन्नातून गरजेचे खर्च वजा करून उरलेली) ७५ पौंडांच्या आत लागते. माझी खरी शिल्लक ३१. त्याने पाठवलेल्या बजेटच्या तक्त्यात १४९! युनिफॉर्म-बूट २२, शाळेच्या सहली १४, बस १६, दात-चष्मा १८, या चारही ओळी कोऱ्या. शाळेनंतरच्या क्लबचे ३२० असताना लिहिलेले २७२. विचारलं तर म्हणे, "ताई, खर्च कमी दाखवला की अर्ज पटकन पास होतो."

इथंच कळायला हवं होतं. खर्च कमी म्हणजे शिल्लक जास्त, आणि शिल्लक ७५ च्या वर गेली की डीआरओ बाद. तिसरीतलं गणित. पण एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईला काटकसर दाखवायची इतकी सवय लागलेली असते की कोऱ्या ओळी बघून मला उलट बरंच वाटलं. दोन दिवसांनी त्याचा फोन: "तुम्ही डीआरओत बसत नाही, आयव्हीए करू, महिना १४५, पाच वर्षं." आयव्हीए म्हणजे कर्ज देणाऱ्यांशी हप्त्यांचा कायदेशीर करार. म्हणजे ९,२०० च्या कर्जापोटी ८,७०० भरायचे; डीआरओत तेच कर्ज १२ महिन्यांनी माफ झालं असतं. पाच हप्ते, ७२५ पौंड भरल्यावर कळलं की कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडे प्रस्ताव गेलेलाच नव्हता.

बजेट स्वतः मांडा. आठवड्याचं भाडं चारने गुणू नका, ५२ ने गुणून १२ ने भागा. आठवड्याला १९० असेल तर महिन्याचे ८२३.३३ होतात, ७६० नाही. एवढ्या एका चुकीने ६३ पौंडांची खोटी शिल्लक उभी राहते. चाइल्ड बेनिफिट दर चार आठवड्यांनी येतो, म्हणजे वर्षात तेरा वेळा. उत्पन्नातही तो तसाच धरा, नाहीतर बँक स्टेटमेंटशी जुळणार नाही. कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) दहा हप्त्यांत जात असला तरी वर्षाची रक्कम १२ ने भागायची. घरात एकटेच प्रौढ असाल तर २५ टक्के सूट घेतलीय ना, तेही बघा. युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) क्लबचे ८५ टक्के परत मिळत असतील, तर पूर्ण ३२० खर्चात आणि २७२ उत्पन्नात. माझ्या तक्त्यात दोन्हीकडे २७२ टाकून माझ्या वाट्याचे ४८ गायब केले होते. युनिफॉर्म, वाढदिवस, बूट असे वर्षातून एकदाच येणारे खर्चही बारा महिन्यांत वाटून लिहा.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणाली, कार्ड नंबर तुम्हीच दिला. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावला, त्यावर एक संदर्भ क्रमांक आला, पुढे काही नाही. तिसरीकडे सांगितलं, आधी त्या कंपनीला आठ आठवडे द्या. दिले! मग उत्तर आलं की कंपनी नोंदणीकृतच नसल्यामुळे तक्रार आमच्या कक्षेत येत नाही. अहो, नोंदणी नाही हीच तर माझी तक्रार होती. प्रत्येक ठिकाणी तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची, तीही लंच ब्रेकमध्ये, फोन होल्डवर ठेवून.

डीआरओचा अर्ज फक्त मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत जातो, आणि सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा स्टेपचेंज या सल्ला देणाऱ्या सेवाभावी संस्थांकडे ते काम फुकट होतं. कार्ड नंबर मागितला की फोन ठेवा. वसुलीवाले मागे लागले असतील तर सल्लागाराकडून ६० दिवसांची ब्रीदिंग स्पेस, म्हणजे वसुलीला तात्पुरती स्थगिती, मागा. भावाचे उसने पैसे अर्जाआधी फेडून टाकायचा मोह होईल. तो आवरा, एकालाच आधी पैसे दिले म्हणून अर्ज अडकू शकतो. स्टुडंट लोन, कोर्टाचा दंड आणि मुलांच्या पोटगीची थकबाकी डीआरओने सुटत नाही, ते हप्ते बजेटमध्ये धरूनच शिल्लक काढा.