दर्शनी लांबी की जोडणी? मलवाहिनीच्या खर्चाच्या दोन वाटण्या

गल्लीत मलवाहिनी येणार हे नक्की झालं की पाइपापेक्षा वाटणीचीच चर्चा जास्त होते. आमच्यापुढे पालिकेनं दोन पर्याय ठेवले होते: प्लॉटच्या दर्शनी लांबीप्रमाणे, म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या बाजूच्या लांबीप्रमाणे आकारणी, किंवा जोडणीगणिक सारखा हिस्सा. तुमच्यापुढेही बहुधा हेच असतील. क्षेत्रफळावर किंवा मिळकतीच्या मूल्यावरही वाटणी होते. पण अंगण मोठं म्हणून सांडपाणी वाढत नाही आणि घर महाग म्हणून मोरी जास्त वाहत नाही. त्या दोन्हींचा मी फारसा विचार केला नाही.

लांबीची बाजू लंगडी नाही, हे आधीच कबूल करतो. छोट्या गल्लीत पाइपाचा व्यास वापरावर ठरतच नाही. तुंबू नये म्हणून सहसा १५० ते २०० मिलिमीटरचा पाइप टाकतात, मग घरं दहा असोत की पंचवीस. पैसा जातो तो खोदाईत, चेंबरांत आणि उखडलेला रस्ता पुन्हा करण्यात, आणि हे सगळं मीटरमीटरनं वाढतं. शिवाय रिकाम्या प्लॉटचा मालकही आपसूक हिशोबात येतो. गल्लीतल्या एका निवृत्त अभियंत्यानं हे मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा पटलं.

माझं मन उडालं ते टेपमुळे. माझा प्लॉट कोपऱ्यावरचा, एका रस्त्याला १८ मीटर, दुसऱ्याला २४. पाइप दोन्हीकडून जाणार म्हणून मोजणीही दोन्ही बाजूंची. घरातलं सगळं सांडपाणी मात्र एकाच चेंबरातून बाहेर पडतं! कोपऱ्याच्या प्लॉटला पुष्कळ ठिकाणी सूट देतात, तशी लांब बाजूवर मलाही मिळाली. पण ती बाजू मोजायची कुठून? कोपरा गोल आहे. एकानं गोलाईवरून टेप फिरवला. दुसऱ्यानं दोन्ही कुंपणं मनानंच पुढे नेली आणि ती जिथं मिळतील तिथून मोजलं. तिसऱ्यानं नकाशा उघडला. आकडे तीन, आणि कुणालाच खोटं म्हणता येईना. माझ्या मागचं घर ४ मीटरच्या बोळातून रस्त्याला येतं. तिथं बिऱ्हाडं तीन, पण आकारणी त्या ४ मीटरचीच. माझी सूट वजा जाऊनही तिसाच्या वर. भांडण झालं नाही, पण महिनाभर येता-जाता बोलणं कमीच होतं.

कोर्टात जाऊन काही साधेल असंही वाटेना. अमेरिकेतला जुना दाखला पाहा. १८९८ साली नॉरवूड विरुद्ध बेकर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मिळणाऱ्या फायद्याहून बरीच जास्त आकारणी म्हणजे मोबदल्याशिवाय मालमत्ता घेणंच. तीनच वर्षांनी, १९०१ मध्ये, रस्त्याच्या फरसबंदीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं दर्शनी लांबीची पद्धत मान्यही केली. म्हणजे तत्त्व तुमच्या बाजूला, टेप पालिकेच्या हातात.

जोडणीचा हिशोब शाळकरी पोरही करील: एकूण खर्च भागिले जोडण्या. अडचण एवढीच, की जोडणी कशाला म्हणायचं ते आधी ठरवून घ्यावं लागतं. एका पाइपावर तीन बिऱ्हाडं असतील तर हिस्से तीन, हे लिहून घ्या. रिकाम्या प्लॉटलाही किमान एक हिस्सा लावून घ्या. नाहीतर तो मालक दहा वर्षांनी बांधकाम करून आयता जोडून घेईल आणि तुम्ही भरलेले पैसे भरलेलेच राहतील. या दोन अटी नसत्या, तर मी कदाचित लांबीकडेच वळलो असतो.

तुमचा प्लॉट रांगेच्या मधला आणि अरुंद असेल, तर लांबी तुम्हाला स्वस्तही पडेल. तेव्हा माझं ऐकाच असं नाही. हप्त्यांची सोय सहसा दोन्हीकडे मिळते. फक्त थकबाकीचा बोजा मिळकतीवर चढतो का, ते विचारा. घरापासून हद्दीपर्यंतचा पाइप बहुतेक ठिकाणी स्वतःच्याच खिशातून, त्यात वाटणीचा संबंध नाही.

आमच्याकडे सह्या जोडणीच्या बाजूनं पडल्या. मागच्या घराला तीन हिस्से आले. थोडी कुरकुर झाली, पण टेप कुणी बाहेर काढला नाही.