मॉन्युमेंट व्हॅली : आपली गाडी न्यावी की नवाहो मार्गदर्शकाची घ्यावी?

अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवर पसरलेल्या, लाल खडकाच्या उंच सुळक्यांच्या मॉन्युमेंट व्हॅलीत पोहोचल्यावर, व्हिजिटर सेंटरच्या वाहनतळावर गाडी लावतालावताच एक निर्णय घ्यावा लागतो. खाली दिसणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यावर आपलीच गाडी घालायची, की माणशी शंभर डॉलरच्या आसपास मोजून नवाहो या स्थानिक आदिवासी समाजातील मार्गदर्शकाच्या उघड्या ट्रकमध्ये बसायचे? फिनिक्सहून निघून ग्रँड कॅन्यन आणि ॲरिझोनातलेच पेज गाव हे टप्पे करत मी आणि माझा मित्र येथे आलो, तेव्हा या बाबतीत आमचे एकमत नव्हते. रस्ता दिसतो आहे, नकाशा हातात आहे, मग आणखी दोनशे डॉलर कशासाठी, हा त्याचा सवाल अगदीच गैरलागू नव्हता. अखेर आम्ही एका स्थानिक कंपनीची, बंद भागात नेणारी अडीच तासांची फेरी निवडली.

पैशांचा हिशेब करताना एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. ही जागा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांपैकी नाही. १९५८ साली स्थापन झालेले हे नवाहो नेशनचे, म्हणजे नवाहो लोकांच्या स्वशासित प्रदेशाचे, स्वतःचे उद्यान असून त्याचा कारभार नवाहो लोकच पाहतात, त्यामुळे ग्रँड कॅन्यनला दाखवलेला राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास येथे चालत नाही. माणशी प्रवेशशुल्क निराळे आणि फेरीचे पैसे त्याहून निराळे. सर्वांसाठी खुला असलेला मार्ग १७ मैलांचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचा आहे. तो पूर्ण कच्चा असून मोटारसायकली आणि मोठ्या आरव्ही (आत राहण्याची सोय असलेल्या) गाड्यांना त्यावर मनाई आहे. भाड्याच्या गाडीचा करार बहुधा कच्च्या रस्त्याला परवानगी देत नाही, तेव्हा तो वाचल्याशिवाय तिकडे वळू नये. स्वतःची उंच गाडी असेल, तर मात्र केवळ या मार्गासाठी मार्गदर्शक घेण्याची गरज मला वाटत नाही. थांब्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि थ्री सिस्टर्सचे तीन सुळके किंवा जॉन फोर्ड पॉइंट कोणालाही सहज सापडतात. याच मार्गावरून जाणारी दीड तासाची लहान फेरी घेणाऱ्यांनी या दृष्टीने दोनदा विचार करावा.

लांब फेरीची गोष्ट वेगळी आहे. ट्रक मुख्य मार्ग सोडून मऊ वाळूच्या वाटेला लागतो, आणि येथून पुढे मार्गदर्शकाशिवाय कोणालाही जाता येत नाही, कारण आजही नवाहो कुटुंबे खोऱ्यात राहतात. या भागात वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेल्या कमानी आहेत, खडकावर प्राचीन काळी खोदलेली प्राण्यांची चित्रे आहेत, आणि बिग होगन नावाची एक प्रचंड कपार आहे, जिच्या छताला आरपार गोल भोक पडलेले आहे. आमच्या मार्गदर्शकाने तेथे सर्वांना उतरत्या खडकाला पाठ टेकून वर पाहायला लावले. ही युक्ती सगळेच मार्गदर्शक करत असावेत, तरी ती साधते. नंतर होगन या पारंपरिक घराचे दार उगवतीकडेच का ठेवतात, हे सांगताना तो त्याच्या आजीच्या घराविषयी बोलत होता. पाठ केलेले निवेदन आणि घरच्या माणसाचे बोलणे यांतला फरक तेथे लगेच कळला, आणि पैसे वसूल झाले ते येथेच.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाने या सुळक्यांकडे थोडे थांबून पाहावे. आपले कडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे, काळे. येथला उभा भाग वाळूच्या खडकाचा, २५ कोटी वर्षांहून जुना आणि लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल. तळाशी मऊ शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचा, उतार, मध्ये सरळसोट कडा आणि माथ्यावर टणक खडकाची टोपी अशी रचना असते. खालचा शेल झिजत गेला की वरच्या खडकाचा आधार जातो आणि तो उभ्या फटींवर तुटून पडतो, म्हणून कडे इतके सरळ राहिले आहेत. आमच्या मार्गदर्शकाने भूविज्ञानाला मात्र जेमतेम दोन वाक्ये दिली, आणि त्याहून बराच अधिक वेळ येथे झालेल्या चित्रपटांच्या चित्रीकरणाला.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. ट्रकमागच्या बाकांवर दाटीवाटीने बसवले होते आणि ध्वनिवर्धक नसल्यामुळे शेवटच्या रांगेत अर्धे बोलणे पोहोचत नव्हते. प्रत्येक थांब्यावर मार्गदर्शक प्रवाशांचे फोन मागून घेऊन ठरावीक कोनातून ठरावीक छायाचित्र काढून देतो. हौशी लोकांना ते आवडते, आम्हाला त्यात वेळ गेल्यासारखे वाटले. धुळीचा बंदोबस्त ज्याचा त्यानेच करायचा असतो, म्हणून नाकातोंडावर बांधायला रुमाल आणि कॅमेऱ्यासाठी पिशवी जवळ असावी. दागिन्यांच्या टपऱ्यांवरचा थांबा मला खटकला नाही, कारण विकणारी माणसे तिथलीच असतात. त्यांची छायाचित्रे घेण्यापूर्वी मात्र परवानगी विचारावी.

फेरीनंतर आम्ही फ्राय ब्रेड खाल्ला. हा जाडसर भटुराच म्हणावा, पण त्याचा इतिहास सुखाचा नाही. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहो लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेले, तेथे शिध्यात मिळालेल्या मैद्यातून आणि चरबीतून हा पदार्थ घडला, असे सांगितले जाते. १८६८ च्या तहानंतर ते परत येऊ शकले. शाकाहारी मंडळींनी तो कशात तळला आहे हे आधी विचारावे, कारण चरबी आजही वापरली जाते. मद्य येथे मिळत नाही आणि नवाहो नेशनच्या हद्दीत ते बरोबर आणण्यासही बंदी आहे.

आरक्षण करणाऱ्यांसाठी वेळेची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाही, नवाहो नेशन करते. मार्च ते नोव्हेंबर या काळात पेजहून निघालात, तर दोन तासांच्या रस्त्याला घड्याळात तीन तास लागतात, आणि फोनवरची वेळ जवळचा टॉवर कोणता यावर बदलत राहते. सूर्यास्ताची फेरी घेणार असाल, तर पुष्टी मागताना ती वेळ नवाहो नेशनच्या घड्याळाची आहे ना, हे कंपनीला स्पष्ट विचारून घ्यावे.