आमराईच्या सावलीसाठी पेव की कळलावी?

कलमांच्या बागेत, परसातल्या फणसाखाली किंवा घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत बहुतेकांकडे अशी एक पट्टी असते, जिथे जास्वंद वाढते पण फुलत नाही, गुलाब टिकत नाही आणि पावसाळ्याचे चार महिने नुसते तण माजते. ही जागा भरण्यासाठी रोपवाटिकेतील परदेशी शोभेच्या झाडांकडे वळण्यापूर्वी आपल्याच रानातल्या, जमिनीखाली कंद राखून दरवर्षी नव्याने उगवणाऱ्या वनस्पतींचा विचार व्हावा, असे मला वाटते. सोनटक्का येथे जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे. त्याचा सुगंध वादातीत आहे, परंतु तो मूळचा पूर्व हिमालयाकडचा, त्याला सतत ओल लागते आणि आपल्याकडच्या बागांत त्याला फळ धरलेले क्वचितच दिसते. फूल आणि फळ अशा दोन्ही अंगांनी पाहायचे, तर खरी निवड पेव आणि कळलावी यांच्यात आहे. या दोन्ही मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, जांभ्याच्या जमिनीत लावल्या आहेत, त्यामुळे पुढील मते त्या जमिनीपुरती आणि माझ्या अनुभवापुरती धरावीत.

फुलाच्या सौंदर्यात कळलावी वरचढ आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. तिची कळी हिरवट असते, उमलताना लहरदार कडांच्या सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, आणि पुढील काही दिवसांत पिवळ्यावरून नारिंगी व नारिंगीवरून लालभडक असा रंग चढत जातो, त्यामुळे एकाच वेलीवर एका वेळी तीन-चार रंगांची फुले दिसतात. झिंबाब्वेने तिला राष्ट्रीय फुलाचा आणि तामिळनाडूने राज्यफुलाचा मान दिला आहे, यात नवल नाही. पेवाचे फूल त्यामानाने साधे, पांढरेशुभ्र, चुरगळलेल्या तलम कापडाचे वाटावे असे आणि मध्यभागी पिवळसर असते. ते एका दिवसात मलूल होते आणि त्याला जाणवण्याजोगा वासही नसतो. मात्र लालसर छदांच्या, म्हणजे फुलाखालच्या खवल्यांसारख्या पानांच्या, बोंडातून रोज एक-दोन फुले अशी ती माळ श्रावणापासून अनेक आठवडे चालू राहते, आणि फुले संपल्यावरही ते लाल बोंड तसेच उभे राहते.

फळांच्या बाबतीत माझा कल उलट आहे. पेवाचे लाल फळ तडकले की आत काळे बी आणि त्याला चिकटलेला पांढरा गर दिसतो. लाल, काळा आणि पांढरा हे तिन्ही रंग एकाच बोंडावर, तेही पाऊस ओसरल्यानंतर, जेव्हा बागेतली बाकीची हिरवळ पिवळी पडू लागलेली असते. कळलावीची शेंग हिरवी आणि लांबट असते, ती वाळून उकलल्यावर आत नारिंगी-लाल बी दिसते आणि तेही देखणे असते. परंतु परसात ती शेंग धरेलच याचा भरवसा नसतो, कारण या फुलातील पुंकेसर बाहेर पसरलेले असतात आणि स्त्रीकेसर मुळाशीच काटकोनात वळून दुसरीकडे गेलेला असतो, त्यामुळे फुलपाखरांची किंवा शिंजीर पक्ष्यांची वर्दळ नसेल तर परागण अपुरे राहते. तामिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, तेथे सकाळच्या वेळी हाताने परागण करण्याची पद्धत आहे. हौशी माणसाने एवढे करावे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

ओळखीचा भाग थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण फुले नसताना दोन्हींबाबत गफलत होते. पेव कोवळे असताना रानहळदीच्या किंवा आल्याच्या कुळातले वाटते, पण दोन खुणा पुरेशा आहेत. आल्याच्या कुळात पाने खोडाच्या दोन बाजूंना समोरासमोरच्या रांगांत येतात, तर पेवाची पाने खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत जातात आणि खोडही वर जाताना पीळ घेते. दुसरी खूण म्हणजे पान चुरडून वास घ्यावा: हळद, आले, सोनटक्का यांच्या पानांना कमीअधिक सुवास येतो, पेवाच्या पानाला तो येत नाही. रोपवाटिकेत मात्र ही खूण अपुरी पडते, कारण ‘इन्सुलिन प्लांट’ या नावाने विकले जाणारे दक्षिण अमेरिकेतील रोप त्याच कुळातील असून त्याची पानेही तशीच चढतात. ते बुटके राहते आणि त्याला नारिंगी फुले येतात. पेव माणसाच्या उंचीला सहज पोहोचते, आणि त्याच्या पानाची खालची बाजू रेशमी लवेची असते.

कळलावीची खूण पानाच्या टोकाला असते. पान निमुळते होत शेवटी त्याचाच ताणा होतो आणि तो शेजारच्या काडीला विळखा घालतो. घोटवेलीलाही ताणे असतात, पण ते देठाच्या बुडाशी फुटतात, आणि तिच्या खोडाला काटे असतात. अडचण अशी की जमिनीतून नुकत्याच वर आलेल्या कळलावीच्या खालच्या पानांना ताणे नसतात, त्यामुळे गवतात ती ओळखू येत नाही. माझ्या निर्णयाचे मूळ याच अडचणीत आहे.

कोकणात बागायत म्हटली की बेणणी, म्हणजे गवत-तणांची सफाई, आलीच. पूर्वी कोयतीने गवत कापणारा गडी वाकून, झाड पाहून काम करत असे. आता कमरेला ग्रास कटर लावून उभ्या-उभ्या एका दिवसात अख्खी बाग साफ होते, आणि त्या फिरत्या तारेपुढे कळलावीचा कोंब आणि गवताची काडी यांत फरक राहत नाही. कळलावीचा कंद दोन शेंगांच्या जोडासारखा वाकडा असतो आणि प्रत्येक शेंगेच्या टोकाला साधारणपणे एकच डोळा असतो. त्या डोळ्यातून आलेला कोंब छाटला गेला की ते वर्ष बहुधा वाया जाते. एवढेच नव्हे, तर जुना कंद दरवर्षी सुकून नवा तयार होत असल्याने, वेल लवकर कापली गेली तर नवा कंदही पोसत नाही आणि पुढच्या वर्षीचा कोंब अशक्त येतो. जागेवर खूण करून ठेवावी, तर नवा कंद जुन्याच्या शेजारी होत असल्याने कोंब येण्याची जागा थोडी सरकते. लाकडी खुंटी वाळवी खाते, आणि दगड ठेवला तर यंत्र चालवणारा रास्त तक्रार करतो, कारण तारेला लागून उडालेला खडा त्याच्याच नडगीवर बसतो. दरवर्षी बेणणीच्या दिवशी त्याच्या पुढे-पुढे चालत ‘इथे नको, तिथे नको’ असे सांगत राहणे मला कंटाळवाणे झाले. ज्यांची बाग लहान आहे आणि जे गवत स्वतः हाताने काढतात, त्यांना हा त्रास जाणवणारही नाही, हे मान्य आहे.

पेवाचेही कोंब तारेखाली सापडतात. परंतु त्याचे आडवे मूळकांड अनेक डोळ्यांचे असते, त्यामुळे आषाढात कापले गेलेले बेट श्रावणात पुन्हा उभे राहिलेले मी पाहिले आहे. फुले थोडी उशिरा आली, एवढाच फरक. शिवाय पेवाचे बेट एकाच जागी घट्ट वाढते आणि त्याचे जाड, पीळदार कोंब गवतातून वेगळे उठून दिसतात, म्हणून गडी ते आपणहून टाळतो.

बाकीचे मुद्दे गौण असले तरी नोंदवतो. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. श्रीलंकेत तिचा कंद रताळे किंवा कणगर समजून खाल्ल्याने झालेल्या विषबाधा नोंदल्या गेल्या आहेत. घरात लहान मुले असतील किंवा परसात गुरे बांधली जात असतील, तर एवढे एक कारणही पुरेसे ठरावे. पावसाळ्यात काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या तिची पाने पाहता पाहता फस्त करतात, आणि त्या हाताने वेचण्यावाचून माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता. पेवाला असा मोठा शत्रू मला आढळला नाही. त्याच्या बोंडाच्या छदांवर गोड स्राव येत असल्याने मुंग्या मात्र कायम असतात, त्यामुळे फुलदाणीसाठी दांडा कापल्यास तो आधी पाण्यात बुडवून झटकावा लागतो. प्रकाशाचे म्हणाल, तर कळलावी मुळात रानाच्या कडेची, गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढणारी वेल आहे. दाट सावलीत ती पाने वाढवते आणि फुले कमी देते. पऱ्याकाठच्या (ओढ्याकाठच्या) अर्धवट अंधारात पेव जितके खुलते, तितके ते उघड्या कातळाजवळ खुलत नाही.

हिवाळ्याच्या अखेरीस दोन्ही जमिनीत विरून जातात, त्यामुळे वर्षभर हिरवी राहणारी जागा हवी असणाऱ्याने या दोहोंच्या नादी लागू नये.

लागवडीसाठी रानातून कंद उपटून आणू नयेत. औषधासाठी झालेल्या उपशाने कळलावी अनेक ठिकाणी विरळ झालेली आहे, आणि बियांपासून फुलापर्यंत पोहोचण्यास तिला काही वर्षे लागतात. पेवाबाबत हा प्रश्नच येत नाही, कारण शेजाऱ्याच्या बेटातला दोन-तीन डोळ्यांचा तुकडा मे महिन्याच्या अखेरीस मागून आणला आणि कुजलेल्या पाल्यात दोन-तीन इंच खोल आडवा पुरला की काम होते. खोडाचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी पेरांपाशी रोपे फुटतात. इतके सांगूनही कोणाचे मन कळलावीवरच बसले असेल, तर त्यांनी ती बागेत न लावता गडग्याच्या माथ्यावर, माती साठलेल्या खोबणीत लावावी. तेथे ऊन मिळते, चढायला करवंदीची जाळी असते आणि ग्रास कटर पोहोचत नाही. मी माझ्याकडची तशीच हलवली आहे, आणि कलमांखालची पट्टी पेवाला दिली आहे.